छत्रापासून क्रीडांगणापर्यंत

घरापासून दूर जाऊन पिढ्यान्‌पिढ्या मराठी राहिलेल्या समाजाचा विचार मनात आला की पहिले नाव तंजावरचे येते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या नगरीचे स्मरण होणे म्हणूनच स्वाभाविक आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी कावेरीच्या मुलखात आपली गादी स्थापिली आणि पुढे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे तमिळ प्रदेशाच्या मध्यभागी मराठी दरबार नांदला. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाच्या इतिहासाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, सरस्वती महालातील ग्रंथभांडार, राजांनी स्वतः रचिलेली नाटके यांविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. त्या वैभवाची उजळणी येथे करावयाची नाही. तंजावरच्या राजांनी चालविलेल्या छत्रांची थोडी हकीकत सांगून, त्या दानपरंपरेचा एक धागा आजच्या एका प्रश्नाशी जोडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो प्रश्न म्हणजे बुद्धीची वाढ मंदगतीने झालेल्या मुलांच्या व प्रौढांच्या खेळाचा. हे दोन विषय प्रथमदर्शनी एकमेकांपासून फार दूरचे वाटतील. परंतु दान कोणाला द्यावे, कसे द्यावे आणि त्यातून घेणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते की घटते, हा दोहोंतील समान प्रश्न आहे.

छत्रांची व्यवस्था

'छत्र' हा शब्द आपल्याकडे 'अन्नछत्र' या जोडशब्दातूनच बहुधा परिचित आहे. तंजावरची छत्रे अन्नछत्रांहून व्यापक होती. रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रामार्गावर व राज्यात अन्यत्र बांधलेल्या या वास्तूंत उतरण्यास ओसऱ्या असत, मुदपाकखाना असे, काही ठिकाणी पाठशाळा चाले आणि वैद्याची नेमणूकही असे. बरीचशी छत्रे राजकुळातील स्त्रियांच्या नावे उभारलेली होती. ओरथनाड येथील मुक्तांबाळ छत्र आणि नीडामंगलम येथील यमुनांबाळ छत्र ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या खर्चाच्या तजविजीत होते. राजाच्या मनात आले म्हणून आज जेवण घातले आणि उद्या विसर पडला, असा तो प्रकार नव्हता. छत्राला गावे व जमिनी लावून दिलेल्या असत. त्यांचे उत्पन्न त्या छत्राकडेच जाई आणि त्याचा हिशेब मोडी लिपीत ठेवला जाई. तंजावरात जतन झालेल्या मोडी कागदपत्रांच्या प्रचंड संग्रहात या दानधर्माचे तपशील आजही सापडतात. दात्याच्या लहरीवर किंवा आयुर्मर्यादेवर धर्मकार्य अवलंबून राहू नये, ही दूरदृष्टी त्यात दिसते.

या छत्रांचे मोल राजांना किती वाटे, हे एका प्रसंगावरून कळते. १७९८ मध्ये दुसरे सरफोजीराजे गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला व उत्पन्नातील ठरलेला हिस्सा एवढेच राहिले. अशा स्थितीत १८०१ साली सरफोजीराजांनी कंपनीच्या रेसिडेंटला जे पत्र लिहिले त्यात फौजेची वा खजिन्याची मागणी नव्हती. छत्रे चालू राहावीत, त्यांची व्यवस्था आपल्याकडे असावी, ही त्यातील कळकळ होती. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व तऱ्हेच्या वाटसरूंना तेथे अन्न मिळते, वाटेत आजारी पडलेल्यास औषधपाणी मिळते, गर्भवती स्त्रियांची काळजी घेतली जाते, पोरक्या झालेल्या मुलांचे पालन व शिक्षण होते, असे त्यांनी तपशीलवार मांडले. या दानधर्मामुळे तंजावरला लोक धर्मराज्य म्हणतात आणि हाच आपल्या पदाचा सर्वांत मोठा मान आपण समजतो, असा त्या पत्राचा भाव आहे. शिधा आणि पंक्ती यांत त्या काळचा जातिभेद पाळला जाई, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि उंबरठ्याशी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हा दंडक मोठाच म्हटला पाहिजे.

पानावरचा माणूस आणि खेळातला भिडू

ज्याला त्या काळी लोक 'खुळा' किंवा 'भोळसट' म्हणून ओळखत, असा मनुष्यही या छत्रांच्या ओसरीवर बसून जेवला असेल, असे अनुमान करण्यास हरकत नाही. त्याला अन्न मिळाले असेल, निवारा मिळाला असेल. परंतु अन्नाच्या पलीकडे त्याला काही देता येईल, किंवा त्याच्याकडून काही घेता येईल, असा विचार त्या युगात फारसा कोठे झालेला दिसत नाही. जगात अन्यत्रही परिस्थिती निराळी नव्हती.

तंजावरशी निगडित अशी एक आख्यायिका मात्र या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. सज्जनगडावरील राममूर्ती तंजावर येथे एका अंध कारागिराने घडविल्या, असे रामदासी परंपरा सांगते. या कथेतील चमत्काराचा भाग श्रद्धेचा विषय म्हणून बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरतेच. त्या अंधाच्या पुढ्यात पत्रावळ मांडून थांबण्याऐवजी कोणी त्याच्या हाती छिन्नी दिली. दया आणि विश्वास यांतील अंतर या एका कथेत स्पष्ट होते.

बुद्धीने मंद असलेल्या मुलाच्या वाट्याला हा विश्वास फार उशिरा आला, आणि खेळाच्या बाबतीत तर सर्वांत शेवटी. आपल्या मुलांच्या खेळात एक जुनी रीत आहे. जो फार लहान आहे, ज्याला नियम कळत नाहीत, त्याला 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात घेतात. तो धावतो, हसतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बादही होत नाही. त्याच्या असण्या-नसण्याने डावात फरक पडत नाही. धाकट्या भावंडासाठी ही सवलत प्रेमाची असते, कारण दोन वर्षांत ते मोठे होऊन भिडू होणार असते. परंतु ज्या मुलाला समाज जन्मभर लिंबूटिंबू ठरवितो, त्याच्यासाठी तीच सवलत एक प्रकारची हद्दपारी होते. बौद्धिक दिव्यांगांच्या क्रीडाचळवळीचा इतिहास एका वाक्यात सांगावयाचा तर तो लिंबूटिंबूला भिडू करण्याचा इतिहास आहे.

कायद्याची भाषा, आईबापांच्या शाळा

सरफोजीराजांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये निवर्तले आणि पुरुष वारस नाही या सबबीवर तंजावरची गादी खालसा झाली. नव्या राजवटीने शिस्तबद्ध कायदे आणले. परंतु बुद्धिमांद्याकडे पाहण्याची तिची दृष्टी संकुचित होती. १९१२ च्या कायद्याने जन्मतः मंदबुद्धी असलेल्यास आणि मनोरुग्णास 'वेडा' या एकाच व्याख्येत कोंबले. वस्तुतः मनोविकार हा आजार आहे, तर बौद्धिक अक्षमता ही वाढीची अवस्था आहे. तिच्यावर औषधापेक्षा शिक्षणाचा उपाय चालतो. हा भेद हिंदुस्थानच्या कायद्यात स्पष्ट होण्यास १९८७ उजाडावे लागले. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याने मतिमंदत्वाला स्वतंत्र स्थान दिले, १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला आणि २०१६ च्या कायद्याने 'बौद्धिक अक्षमता' ही संज्ञा स्वीकारली. शब्दही हळूहळू बदलत गेले. मराठीत मतिमंद, अपंगमती, विशेष, दिव्यांग अशी नावे क्रमाने आली. तमिळमध्ये आज रूढ असलेला शब्द तर सरळ 'वेगळ्या क्षमतेची व्यक्ती' असाच अर्थ सांगतो.

कायद्याच्या आधी आईबाप जागे झाले, ही आपल्याकडील अभिमानाची गोष्ट आहे. मुंबईत १९४४ साली वकील या पारशी दांपत्याने आपल्या दीना नावाच्या कन्येच्या निमित्ताने शाळा सुरू केली; ती 'जय वकील' या नावाने प्रसिद्धीस आली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी'ची स्थापना केली. नाशकात १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांनी आपल्या पुत्राच्या अनुभवातून 'प्रबोधिनी' उभी केली. तिकडे मद्रासेत मेरी क्लबवाला जाधव यांच्या गिल्ड ऑफ सर्व्हिसने १९५३ मध्ये 'बालविहार' काढले. जन्माने पारशी आणि विवाहाने मराठी आडनावाच्या या बाईंनी तमिळ प्रदेशात केलेले समाजकार्य आपल्या मंडळींना तितकेसे ठाऊक नाही.

मद्रासेतच पुढे जयचंद्रन व विमला या तज्ज्ञांनी अशा मुलांच्या शिक्षणासाठी एक पद्धती सिद्ध केली. दैनंदिन जीवनातील कौशल्यांचे तिने अठरा विभाग केले आणि प्रत्येकात वीस, अशा तीनशे साठ पायऱ्या मांडल्या. मुलाला काय येत नाही याची यादी करण्याऐवजी कोणत्या पायरीपर्यंत येते ते नोंदवावयाचे आणि पुढची एकच पायरी शिकवावयाची, हे तिचे सूत्र. क्रीडाशिक्षकाचे कामही नेमके असेच चालते. चेंडू फेकणे ही आपल्याला एक क्रिया वाटते. या शिक्षकाला त्यात चेंडू धरणे, पाय रोवणे, हात मागे नेणे, समोर पाहणे आणि योग्य क्षणी बोटे सोडणे अशा पाच क्रिया दिसतात. त्यांतील एकेक साधण्यास कधी आठवडा लागतो, कधी ऋतू उलटतो.

शिकागोचे मैदान

या मुलांची शरीरे दुबळी असतात, ती बुद्धीच्या मांद्यामुळेच, असा समज दीर्घकाळ होता. १९६० नंतरच्या काही वर्षांत कॅनडातील टोरांटो विद्यापीठात संशोधन करणाऱ्या फ्रँक हेडन यांनी या समजाला धक्का दिला. दौर्बल्याचे मोठे कारण त्यांना बैठ्या जीवनात दिसले. मुलांना खेळूच दिले जात नव्हते. म्हणून ती अशक्त राहत होती, आणि अशक्त आहेत म्हणून त्यांना खेळू दिले जात नव्हते. व्यायामाची संधी मिळताच त्यांच्या शक्तीत सुधारणा होते, हे त्यांनी दाखवून दिले.

त्याच सुमारास अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ च्या उन्हाळ्यात आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी क्रीडाशिबिर भरविले. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक अक्षमतेमुळे आणि १९४१ मध्ये झालेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेमुळे आयुष्यभर संस्थेत राहिली होती. राष्ट्राध्यक्षाच्या घराण्यातही हे दुःख उंबऱ्याआड ठेवले जात असे. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर अमेरिका व कॅनडातील सुमारे एक हजार खेळाडू जमले आणि 'स्पेशल ऑलिंपिक्स'चा आरंभ झाला. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला मान्यता दिली.

या स्पर्धांचा एक नियम मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. प्रथम चाचणी घेऊन खेळाडूंचे वय, लिंग व क्षमता यांनुसार लहान गट पाडतात. एका गटात साधारण तीन ते आठ जण असतात, आणि त्यांतील सर्वांत सरस व सर्वांत मागचा यांच्या कामगिरीत पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत नसावी, असे धोरण असते. त्यामुळे शंभर मीटर अठरा सेकंदांत धावणारा आपल्यासारख्यांशी झुंजतो आणि चाळीस सेकंद घेणारा आपल्यासारख्यांशी. चाचणीत मुद्दाम सावकाश धावून सोप्या गटात शिरणाऱ्यास अंतिम फेरीत बाद करण्याची तरतूदही आहे. ती तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला बाद करता येते तो लिंबूटिंबू राहत नाही. त्याच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे हाही त्याचा सन्मानच आहे.

अप्रामाणिकपणा झाला तो भलत्याच ठिकाणी. २००० साली सिडनी येथील पॅरालिंपिक स्पर्धेत बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने सुवर्णपदक जिंकले आणि पाठोपाठ असे उघडकीस आले की संघातील बारांपैकी दहा खेळाडूंना अशी कोणतीही अक्षमता नव्हती. पदक परत घेतले गेले; परंतु शिक्षा भोगावी लागली ती निरपराधांना. जगभरातील बौद्धिक दिव्यांग खेळाडूंचे सर्व क्रीडाप्रकार पॅरालिंपिकमधून वगळण्यात आले. २०१२ च्या लंडन स्पर्धेत ॲथलेटिक्स, जलतरण व टेबल टेनिस या तीन खेळांपुरते दार पुन्हा उघडले. बारा वर्षे हा खेळाडूच्या आयुष्यातील सबंध उमेदीचा काळ होय. साहाय्य करणाऱ्यांनी केवळ पदकांवर डोळा ठेवला म्हणजे काय घडते, याचा हा धडा आहे.

आपला देश, आपले तंजावर

भारतात हे कार्य 'स्पेशल ऑलिंपिक्स भारत' ही संस्था राज्याराज्यांतील शाखांमार्फत चालविते. २०१९ मध्ये अबू धाबी येथील जागतिक स्पर्धांत भारतीय चमूने ३६८ पदके मिळविली आणि २०२३ मध्ये बर्लिन येथे २०२. गटांची संख्या मोठी असल्यामुळे हे आकडे ऑलिंपिकच्या पदकांशी ताडून पाहणे योग्य होणार नाही. त्यांचे खरे महत्त्व निराळे आहे. यांतील कित्येक मुलांच्या घरी पहिले पारपत्र याच मुलाच्या नावे निघाले असेल, आणि ज्याला लग्नकार्यात पाहुण्यांसमोर आणावे की नाही याचा आईबाप विचार करीत, त्याच्या स्वागतास गाव वेशीवर आले असेल.

तंजावरातही आता जिल्हा क्रीडांगण आहे. अन्नै सत्या यांचे नाव त्याला दिलेले आहे. तमिळनाडू शासनाच्या मुख्यमंत्री चषक स्पर्धांत दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला आहे. ज्या जिल्ह्यात एके काळी राजाने वाटसरूच्या जेवणाची कायम तजवीज केली, तेथे आज दिव्यांग तरुणाला शर्यतीचे आवाहन मिळते, हा प्रवास लहान नाही. तो पुरा झाला, असे मात्र कोणी समजू नये. एका दिवसाच्या स्पर्धेला पाहुणे, हारतुरे व छायाचित्रकार मिळतात. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांच्या सरावाला शिक्षक, वाहन आणि पायांत बसणारे बूट मिळणे कठीण पडते.

नेमणूक करून ठेवावी

येथे छत्रांचा धडा पुन्हा उपयोगी पडतो. आपल्या मंडळांकडून दान होत नाही, असे कोणी म्हणणार नाही. दुष्काळ, भूकंप, पूर यांच्या वेळी हात सैल सुटतात. परंतु खेळाचे शिक्षण हे संकटनिवारण नाही. ते दूध-विरजणासारखे रोजचे काम आहे. त्यासाठी छत्राला जशी जमीन लावून दिली होती, तसा कायम निधी लागतो. मुद्दलाला हात न लावता केवळ व्याजातून एखाद्या विशेष शाळेतील क्रीडाशिक्षकाचे वेतन निघावे, मुलांची ने-आण व्हावी, वैद्यकीय तपासणी व्हावी. तपासणीचा उल्लेख सहेतुक आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत मानेच्या वरच्या मणक्यांची जोडणी सैल असते. अशांना सूर मारणे, कोलांटी यांसारखे प्रकार धोक्याचे ठरतात. उत्साहाला जाणकार वैद्याची जोड हवी, हे धन्वंतरी महाल चालविणाऱ्या सरफोजीराजांना वेगळे सांगावे लागले नसते.

पैशाहून दुर्मिळ असे दुसरे दान वेळेचे. आपण राहतो त्या बहुतेक गावांत अशा खेळांचे वर्ग भरतात आणि त्यांना स्वयंसेवकांची नित्य गरज असते. मिश्र संघांच्या प्रकारात तर बौद्धिक दिव्यांग आणि इतर खेळाडू जवळजवळ समसमान संख्येने एकाच संघात खेळतात. आपल्या घरचे तरुण तेथे भिडू म्हणून जाऊ शकतात. बोची नावाचा जो इटालियन चेंडूंचा खेळ या स्पर्धांत खेळला जातो, तो लांबून आपल्या गोट्यांचाच भाऊबंद शोभतो. लगोरीवर हात बसलेल्या आजोबांनाही तो शिकविता येईल.

परमुलखातील मराठी कुटुंबांचा आणखी एक प्रश्न आहे. मुलाला बोलण्यास उशीर होतो असे दिसताच, एकच भाषा बोला, घरची भाषा सोडा, असा सल्ला अनेक आईबापांना मिळत आला. अशा मुलांना दोन भाषांनी अपाय होतो, असे नंतरच्या संशोधनात आढळलेले नाही. परंतु त्या सल्ल्यापायी कित्येक मुले आजी-आजोबांच्या बोलण्याला पारखी झाली. मैदानावर 'शाब्बास रे!' अशी मराठी हाक ऐकू आली, तर त्या मुलाला शर्यतीबरोबर आपले गणगोतही परत मिळेल.

अशा प्रत्येक घरात एक प्रश्न रात्री दिवा मालवल्यावर जागा असतो – आमच्यामागे याचे कोण? त्याचे पूर्ण उत्तर कोणत्याही मंडळाच्या हाती नाही. मात्र ज्या मुलाला दर आठवड्यास मैदानावर वीस माणसे नावाने ओळखतात, ज्याच्या पासची वाट पाहतात, ते मूल आईबापांच्या पश्चात अगदी अनोळखी जगात उरत नाही.

तंजावरचे राज्य गेले त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. किल्ल्याचा तट ढासळला, फौज केव्हाच पांगली. सरफोजीराजांनी ज्या गोष्टीसाठी रेसिडेंटपुढे शब्द टाकला, तिच्यामुळेच त्या मुलखात मराठ्यांचे नाव अजून आदराने निघते. आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके केली, मराठी शाळा चालविली. हे सर्व आपण आपल्यासाठी केले आणि ते करणे योग्यच होते. आता येणाऱ्या वार्षिक क्रीडादिनाची निमंत्रणे लिहिताना, इतकी वर्षे जी मुले घरीच ठेवली गेली, त्यांच्या घरी प्रथम जावे, आणि त्यांची नावे प्रेक्षकांच्या यादीत न घालता संघाच्या यादीत घालावीत.